घटक ५ : नकाशामागचा विचार – डॉ. जॉन स्नो यांचे चरित्र

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• डॉ. जॉन स्नो (१८१३–१८५८) यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय करून देता येईल.
• १८५४ सालच्या लंडनमधील पटकीच्या साथीचा नकाशा कोणत्या विचारातून तयार झाला, हे क्रमाने सांगता येईल.
• भौगोलिक माहिती प्रणालीतील स्थान, गुणविशेष, अंतर, प्रभावक्षेत्र व जोडणी या संकल्पना या चरित्राच्या आधारे स्पष्ट करता येतील.
• चरित्र वाचताना दंतकथा कोणती आणि पुरावा कोणता, हे वेगळे करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकांत तुम्ही चरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप अभ्यासले. चरित्रनायकाच्या आयुष्यातील घटनांची केवळ जंत्री म्हणजे चरित्र नव्हे; त्या व्यक्तीची विचार करण्याची रीत ज्यातून उलगडते ते चरित्र, हे आपण पाहिले. या घटकात आपण एका वैद्यकाचे चरित्र पाहणार आहोत. हा वैद्यक आज वैद्यकशास्त्राच्या वर्गाइतकाच भूगोलाच्या आणि संगणकाच्या वर्गातही शिकविला जातो.

भौगोलिक माहिती प्रणाली हा शब्द तुमच्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेला असेल. कोणी महसूल कार्यालयात काम करीत असाल, कोणी आरोग्य केंद्रात, कोणी शाळेत. गावाचा नकाशा संगणकाच्या पडद्यावर येतो, त्यावर घरे, विहिरी, रस्ते यांचे स्तर एकावर एक चढविता येतात आणि एक कळ दाबली की रंगीत नकाशा तयार होतो. ही कळ दाबायला शिकविणे फारसे अवघड नाही. तो नकाशा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे शिकविणे मात्र अवघड आहे. या विषयाचे अध्यापन करणाऱ्यांना नेहमी हाच अनुभव येतो: विद्यार्थी आज्ञावलीतील पायऱ्या पाठ करतात, नकाशा काढतात, परंतु अंतर म्हणजे कोणते अंतर, सीमा कोणी ठरविली, कोरी राहिलेली जागा रिकामी आहे की तेथील माहितीच नाही, असे विचारले की थांबतात. साधन हाती आलेले असते, संकल्पना आलेली नसते.

जॉन स्नो यांच्यापाशी नेमके उलटे होते. संगणक तर नव्हताच. रोगजंतूंविषयीचे आजचे ज्ञानही नव्हते. संकल्पना मात्र स्वच्छ होती. म्हणून त्यांचे चरित्र हा या विषयाचा उत्तम पहिला पाठ ठरतो.

५.३ विषयविवेचन

५.३.१ बालपण व उमेदवारी

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क या शहरात झाला. नऊ भावंडांत ते थोरले. वडील कोळशाच्या वखारीत मजुरी करीत. घर ऊझ नदीच्या काठी, गरीब वस्तीत होते. नदीला पूर आला की पाणी त्या वस्तीत शिरत असे. अस्वच्छ पाणी म्हणजे काय हे या मुलाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

कुटुंबाने काटकसर करून थोरल्या मुलाला शिकविले. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२७ साली, जॉन न्यूकॅसल येथील विल्यम हार्डकॅसल या शल्यवैद्यांकडे उमेदवार म्हणून राहू लागले. त्या काळी वैद्यकाचे शिक्षण प्रामुख्याने अशा उमेदवारीतून होत असे. याच वर्षांत त्यांनी मांसाहार सोडला आणि मद्यापासून दूर राहण्याचे ठरविले.

१८३१ साली पटकी प्रथमच इंग्लंडमध्ये आली. १८१७ नंतर बंगालमधून ही साथ देशोदेशी पसरत गेली होती. संडरलंड बंदरातून ती न्यूकॅसलच्या परिसरात शिरली आणि अठरा वर्षांच्या स्नो यांना किलिंगवर्थ येथील कोळसा खाणीतील मजुरांची शुश्रूषा करण्यासाठी पाठविण्यात आले. उपचार जवळजवळ नव्हतेच. खाणमजूर दिवसाचे आठ-नऊ तास जमिनीखाली असत, तेथे शौचाची सोय नसे आणि न धुतलेल्या हातांनीच ते शिदोरी खात. वीस-बावीस वर्षांनंतर लिहिलेल्या ग्रंथात स्नो यांनी खाणमजुरांच्या या राहणीचा उल्लेख पुरावा म्हणून केला आहे. जमिनीखाली जेथे गटारांची किंवा दलदलीची दुर्गंधी पोहोचत नाही, तेथेही हा रोग एवढा का पसरतो, हा प्रश्न त्यांच्या पुढील साऱ्या विचाराशी जोडलेला आहे.

५.३.२ वायूंचा अभ्यासक

१८३६ साली स्नो पायी प्रवास करीत लंडनला आले आणि हंटेरियन वैद्यक विद्यालयात दाखल झाले. १८३८ मध्ये त्यांना शल्यवैद्यकाची सनद मिळाली. १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनी मिळविली. सोहो भागातील फ्रिथ स्ट्रीटवर त्यांनी व्यवसाय सुरू केला. ते अबोल होते, आवाज घोगरा होता, ओळखीपाळखी बेताच्या होत्या. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले.

१८४६ च्या अखेरीस ईथरच्या साहाय्याने वेदनारहित शस्त्रक्रिया करता येते, ही वार्ता अमेरिकेतून लंडनला पोहोचली. अनेक वैद्यांनी ईथर वापरून पाहिले. कधी रुग्ण बेशुद्ध होई, कधी होत नसे. स्नो यांनी हे यश-अपयश नशिबावर सोडले नाही. तापमान बदलले की हवेत मिसळणाऱ्या ईथरच्या वाफेचे प्रमाण बदलते, हे त्यांनी मोजून दाखविले, त्याची कोष्टके तयार केली आणि वाफेचे प्रमाण काबूत ठेवणारे उपकरण बनविले. १८४७ मध्ये या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे क्लोरोफॉर्मच्या वापरातही ते अग्रगण्य मानले जाऊ लागले. १८५३ आणि १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्या प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले.

चरित्राचा हा भाग तुम्हांला विषयांतर वाटेल. तो तसा नाही. वायू हवेत कसा पसरतो, उगमापासून दूर जाताना तो कसा विरळ होतो, शरीरात गेल्यावर काय करतो, हे स्नो यांच्याइतके त्या काळी फार थोड्यांना ठाऊक होते. म्हणूनच दूषित वायूमुळे पटकी होते हे मत त्यांना पटेना.

५.३.३ हवा की पाणी?

आपल्या मराठीत हवापाणी असा एक जोडशब्द आहे. एखाद्या गावचे हवापाणी मानवले नाही, असे आपण सहज म्हणतो. आजाराचे कारण हवेत की पाण्यात, याचा निवाडा हा शब्द करीत नाही. दोन्ही एकत्र बांधून मोकळा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये मात्र हाच जोडशब्द सोडविण्याचा प्रश्न होता, आणि त्यावर हजारोंचे प्राण अवलंबून होते.

तेव्हाचे प्रबळ मत हवेच्या बाजूचे होते. कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी दुर्गंधियुक्त हवा साथीचे रोग निर्माण करते, असे बहुतेक वैद्य, अभियंते आणि आरोग्य मंडळाचे अधिकारी मानत. हे मत अडाणीपणाचे होते असे समजू नका. विल्यम फार या थोर संख्याशास्त्रज्ञाने १८४८–४९ च्या साथीची आकडेवारी तपासून असे दाखविले होते की, वस्ती थेम्स नदीच्या पातळीपासून जितकी उंच, तितके पटकीचे मृत्यू कमी. सखल भागात दूषित हवा साचते, म्हणून तेथे मृत्यू अधिक, हा निष्कर्ष त्यावरून सरळ निघत होता. आकडे खरे होते. परंतु सखल भागातील वस्त्यांना बहुधा नदीचे अधिक घाण पाणीच मिळत असे, ही गोष्ट त्या निष्कर्षात बसविलेली नव्हती. दोन गोष्टी एकाच जागी आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही, हे लक्षात ठेवा. स्तरावर स्तर चढविणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी शिकावे असे हे तत्त्व आहे.

स्नो यांनी प्रश्न शरीरापासून सुरू केला. पटकीची पहिली लक्षणे पोटात दिसतात, फुप्फुसांत नव्हे. म्हणजे रोगाचे कारण श्वासावाटे नव्हे, तर गिळण्यावाटे शरीरात जात असले पाहिजे. रुग्णाच्या मलातून ते बाहेर पडत असावे आणि पाण्यात मिसळून दुसऱ्याच्या पोटात जात असावे. १८४९ मध्ये त्यांनी हा विचार एका छोट्या पुस्तिकेत मांडला. फारशा कोणी तो मानला नाही. पुस्तिकेत युक्तिवाद होता. निर्णायक पुरावा अजून मिळायचा होता.

५.३.४ ब्रॉड स्ट्रीटचा पंप

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री सोहोतील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीचा उद्रेक झाला. पहिल्या काही दिवसांतच शेकडो माणसे दगावली. वाचलेले कुटुंबकबिल्यासह वस्ती सोडून जाऊ लागले. स्नो यांचे राहते ठिकाण तेथून जवळच होते. एवढ्या थोड्या जागेत एवढा तीव्र उद्रेक, म्हणजे तेथील सामाईक पाणीच दूषित असणार, असा तर्क करून ३ सप्टेंबर रोजी ते ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपापाशी गेले. पाण्याचा नमुना घेतला. तो दिसायला जवळजवळ स्वच्छ होता. डोळ्यांनी दिसणारा पुरावा त्यांच्या बाजूने नव्हता.

तेव्हा ते मृत्युनोंदणी कार्यालयाकडे वळले. २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांत या परिसरात झालेल्या ८३ मृत्यूंची यादी त्यांनी मिळविली आणि त्या पत्त्यांवर चौकशी सुरू केली. ८३ पैकी ७३ मृत्यू ब्रॉड स्ट्रीटचा पंप जवळ पडेल अशा घरांत झाले होते. त्या ७३ पैकी ६१ जण या पंपाचे पाणी पीत असत, असे नातेवाइकांकडून समजले.

उरलेल्या १० घरांना मात्र दुसरा पंप जवळ होता. एखादा घाईचा अभ्यासक या दहांना अपवाद म्हणून बाजूला सारील. स्नो यांनी नेमकी तीच घरे गाठली. पाच कुटुंबे दुसरा पंप जवळ असूनही पाणी मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटवरून आणवीत होती. आणखी तीन घरांतील मृत मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात असत. शेवटचे दोन मृत्यू, उद्रेकाच्या आधीही शहरात तुरळकपणे होत होते तशांपैकी असावेत, असा निर्णय त्यांनी दिला.

यातून पहिली संकल्पना पुढे येते. माणूस जेथे मरण पावतो ते स्थान आणि रोग जेथे शरीरात शिरतो ते स्थान एक असेलच असे नाही. नकाशावर आपण बिंदू मांडतो तो पत्त्याचा. प्रश्न मात्र पाणी पिण्याचा असतो. बिंदू कशाचा आहे, हे न विचारता केलेले विश्लेषण कितीही सुबक असले तरी पोकळ राहते.

जेथे मृत्यू झाले नाहीत त्या जागांचाही त्यांनी शोध घेतला. पोलंड स्ट्रीटवरील अनाथ-निराधारांच्या आश्रमात ५३५ माणसे राहत होती. चहूबाजूंनी मृत्यू होत असताना तेथे केवळ ५ दगावली. आश्रमाची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात सुमारे ७० कामगार होते. पटकीने त्यांतील एकही मेला नाही. कामगारांना तेथील बिअर मिळत असे आणि कारखान्यालाही स्वतंत्र विहीर होती. उलट, दूर हॅम्पस्टेड येथे राहणारी एक विधवा पटकीने वारली. त्या भागात साथ नव्हती. चौकशीअंती कळले की ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात राहत असे आणि त्या पंपाच्या पाण्याची चव आवडत असल्यामुळे रोज बाटली भरून मागवीत असे. दूषित हवा एका बाटलीत बसून हॅम्पस्टेडला जात नाही.

७ सप्टेंबरच्या सायंकाळी स्नो यांनी सेंट जेम्स पॅरिशच्या पालक मंडळासमोर आपले म्हणणे मांडले. सदस्यांची खात्री पटली होती असे नाही. तरी दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, पंपाचा दांडा काढण्यात आला.

येथे दंतकथा सुरू होते, म्हणून सावध राहा. दांडा काढला आणि साथ थांबली, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. वास्तविक मृत्यूंचा आकडा त्याआधीच उतरणीला लागला होता, कारण मोठ्या संख्येने लोक वस्ती सोडून गेले होते. ही गोष्ट स्नो यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. आपल्या बाजूचे वाटणारे, पण न टिकणारे प्रमाण त्यांनी वापरले नाही. या उद्रेकात एकूण ६१६ माणसे मृत्युमुखी पडली.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
(अ) दुसऱ्या पंपाजवळच्या १० मृत्यूंची स्नो यांनी स्वतंत्र चौकशी का केली?
(आ) आश्रम व मद्यनिर्मितीचा कारखाना ही उदाहरणे त्यांच्या मताला कशी पुष्टी देतात?

५.३.५ नकाशा : आधी विचार, मग रेघा

आता प्रसिद्ध नकाशाकडे वळू. स्नो यांनी तो डिसेंबर १८५४ मध्ये लंडनमधील साथरोग अभ्यासकांच्या सभेत दाखविला आणि १८५५ मध्ये आपल्या पुस्तिकेच्या विस्तारित दुसऱ्या आवृत्तीत छापला. म्हणजे नकाशा पाहून त्यांना पंपाचा संशय आला, हीसुद्धा दंतकथाच. संशय आधी आला, चौकशी नंतर झाली आणि नकाशा शेवटी तयार झाला. शोध लावण्यापेक्षा शोध पटवून देणे हे त्याचे काम होते.

नकाशावर प्रत्येक मृत्यूसाठी त्या घरापाशी एक काळी आखूड रेघ आहे. एका घरात अनेक मृत्यू झाले असल्यास रेघा एकावर एक रचल्या आहेत. सार्वजनिक पंप वेगळे दाखविले आहेत. रस्ते, मृत्यू आणि पंप या तीन प्रकारच्या माहितीपलीकडे नकाशात फारसे काही नाही. आजच्या भाषेत हे तीन स्तर झाले. वस्तीतील इतर शंभर गोष्टी त्यांना मांडता आल्या असत्या. आपल्या प्रश्नाला जे लागते तेवढेच निवडणे ही नकाशाची पहिली अट आहे.

परंतु नुसता नकाशा वाद मिटवू शकत नव्हता. स्नो यांच्याआधीच एडमंड कूपर या अभियंत्याने याच उद्रेकातील मृत्यूंचा नकाशा काढला होता. गटारांमुळे किंवा जुन्या प्लेगच्या दफनभूमीमुळे साथ आली का, हे त्याला तपासायचे होते. मृत्यू तेच, वस्ती तीच. प्रश्न मात्र वेगळा. हवेच्या पक्षाचा माणूस स्नो यांच्या नकाशाकडे पाहूनही म्हणू शकत होता की, ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास हवा अधिक दूषित असावी, म्हणून तेथे रेघा दाटल्या आहेत. भाषाविज्ञानाचा अभ्यासक या नात्याने मला येथे एक साम्य दिसते. शब्दाचा अर्थ केवळ त्याच्या अक्षरांत नसतो. तो कोणत्या वाक्यात, कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आला, यावर ठरतो. नकाशातील रेघेचेही तसेच आहे.

ही अडचण ओळखून स्नो यांनी १८५५ मध्ये, पॅरिशच्या चौकशी समितीच्या अहवालासाठी, नकाशाची सुधारित आवृत्ती तयार केली. पंपाची जागा अधिक अचूक केली आणि एक नवी रेषा काढली. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे इतर पंप यांच्यापासून सारख्या अंतरावर असलेले बिंदू या रेषेने जोडले होते. रेषेच्या आत राहणाऱ्यांना ब्रॉड स्ट्रीटचा पंप सर्वांत जवळ. बाहेर राहणाऱ्यांना दुसरा कोणता तरी. मृत्यू बहुतांशी रेषेच्या आतच होते आणि दुसऱ्या पंपाच्या दिशेने जाताना विरळ होत होते.

हे अंतर त्यांनी पट्टी लावून सरळ मोजले नाही. रस्त्याने चालत जाताना जे अंतर पडते ते धरले. पाणी आणणारी बाई भिंतीतून जात नाही. ती गल्लीला वळसा घालून जाते. सरळ अंतराने क्षेत्रे पाडण्याची रीत पुढे १९११ मध्ये थिसेन या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने पर्जन्यमापनासाठी वापरली आणि आजही संगणकात थिसेन बहुभुज या नावाने ती एका आज्ञेवर मिळते. स्नो यांचे क्षेत्र त्याहून एक पाऊल पुढे, रस्त्यांच्या जाळ्यावर आधारलेले होते. तुमच्या गावात आरोग्य उपकेंद्र पाच किलोमीटरच्या वर्तुळात असेल. पण मध्ये पूल नसलेला ओढा असेल, तर पावसाळ्यात ते किती दूर आहे? वर्तुळ काढायला कळ पुरते. ते वर्तुळ काढावे की नाही, हे ठरवायला संकल्पना लागते.

५.३.६ एकाच गल्लीतील दोन पाणी

स्नो यांचे अधिक मोठे काम दक्षिण लंडनमधील आहे, आणि तेथे नुसता नकाशा अपुरा पडतो. तेथे साउथवार्क अँड वॉक्सहॉल आणि लॅम्बेथ अशा दोन कंपन्या नळाने पाणी पुरवीत. १८४९ च्या साथीत दोन्ही कंपन्या थेम्सच्या सांडपाणी मिसळलेल्या भागातूनच पाणी घेत होत्या. १८५२ मध्ये लॅम्बेथ कंपनीने आपला उपसा प्रवाहाच्या वरच्या बाजूस, थेम्स डिटन येथे हलविला. तेथे शहराचे सांडपाणी पोहोचत नव्हते. दुसरी कंपनी मात्र बॅटरसी येथूनच पाणी घेत राहिली.

मोठ्या भागात दोन्ही कंपन्यांच्या नळवाहिन्या एकाच रस्त्याखालून जात. शेजारी-शेजारी दोन घरे, हवा तीच, उंची तीच, राहणीमान तेच. पाणी मात्र वेगळे. सुमारे ३ लाख लोक नकळत अशा दोन गटांत विभागले गेले होते. पाण्याविषयीचे मत पारखण्यासाठी याहून चांगली परिस्थिती कोणी मुद्दाम निर्माण करू शकले नसते.

प्रभागवार आकडे घेतले असते तर दोन पाणी एकाच बेरजेत मिसळून गेले असते. म्हणून स्नो घरोघर गेले. कित्येक भाडेकरूंना आपल्या नळाला कोणत्या कंपनीचे पाणी येते हेच ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांनी पाण्यातील क्षाराचे प्रमाण तपासण्याची साधी रासायनिक चाचणी वापरली. सिल्व्हर नायट्रेट घातले की बॅटरसीच्या पाण्यात भरपूर पांढरा साका तयार होई, थेम्स डिटनच्या पाण्यात फारच थोडा. अशा रीतीने प्रत्येक मृत्यूच्या पत्त्याला पाण्याचा स्रोत हा गुणविशेष जोडला गेला.

१८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचे चित्र असे होते. साउथवार्क अँड वॉक्सहॉल कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे दर १०,००० घरांमागे ३१५. लॅम्बेथ कंपनीच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू, म्हणजे दर १०,००० घरांमागे ३७. मृत्यूंची नुसती संख्या न देता स्नो यांनी घरांच्या प्रमाणात दर काढला, हे पाहा. दाट वस्तीत मृत्यू अधिक दिसणारच. तुलना दराची करायची असते. नकाशात संख्या रंगवावी की दर, हा प्रश्न आजही विद्यार्थ्यांना चकवतो.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
(अ) सरळ अंतर आणि रस्त्याने पडणारे अंतर यांतील फरक तुमच्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) दक्षिण लंडनमध्ये प्रभागवार आकडेवारी का पुरेशी ठरली नसती?

५.३.७ विरोधक, सहकारी आणि अखेर

एवढे होऊनही आरोग्य मंडळाच्या समितीने १८५५ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याविषयीचे स्नो यांचे म्हणणे फेटाळले. त्यांना खरा आधार मिळाला तो एका विरोधकाकडून. हेन्री व्हाइटहेड हे त्या वस्तीतील तरुण धर्मोपदेशक. स्नो यांचे मत चूक आहे असे त्यांना वाटे आणि ते खोडण्यासाठीच त्यांनी चौकशी आरंभली. वस्तीतील घरे त्यांच्या परिचयाची होती. स्नो यांना न भेटलेली माणसे त्यांना भेटली. जसजशी माहिती जमली तसतसे त्यांचेच मत बदलत गेले. पुढे नोंदी चाळताना त्यांना ब्रॉड स्ट्रीटवरील ४० क्रमांकाच्या घरातील काही महिन्यांच्या बाळाचा मृत्यू आढळला. उद्रेकाच्या आधीच ते बाळ आजारी पडले होते. आईने त्याची दुपटी धुतलेले पाणी घराच्या मैलाकुंडात ओतले होते. खोदकाम केले तेव्हा कुंडाच्या विटा खिळखिळ्या झालेल्या आढळल्या. पंपाची विहीर तेथून काही फुटांवरच होती. स्नो यांच्या साखळीतील हरवलेली कडी व्हाइटहेड यांनी मिळवून दिली. प्रामाणिक विरोधक हा अभ्यासकाचा मोठा मित्र असतो.

१० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरील ग्रंथाचे लेखन चालू असताना स्नो यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १६ जूनला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ब्रॉम्प्टन येथील दफनभूमीत त्यांना विश्रांती मिळाली. त्याच उन्हाळ्यात थेम्सच्या असह्य दुर्गंधीमुळे संसदेला जाग आली आणि लंडनच्या नव्या भुयारी गटारांचे काम मंजूर झाले. हवेच्या भीतीपोटी उभ्या राहिलेल्या त्या कामाने शहराचे पाणी वाचविले, हा इतिहासातील विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. १८६६ च्या साथीत विल्यम फार यांनी पाण्याचे कारण मान्य केले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूविषयीचे आपले संशोधन पूर्णत्वास नेले. स्नो यांना हे काहीच पाहता आले नाही.

आज त्या रस्त्याचे नाव ब्रॉडविक स्ट्रीट आहे. तेथे दांडा नसलेला पंप स्मारक म्हणून उभा आहे आणि जवळच्या मद्यगृहाला जॉन स्नो यांचे नाव दिलेले आहे. आयुष्यातील बराच काळ मद्यापासून दूर राहिलेल्या माणसाचे असेही एक स्मारक.

५.४ समारोप

विद्यार्थी मित्रांनो, १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी पहिली संगणकीय भौगोलिक माहिती प्रणाली उभी केली. तेव्हापासून साधने झपाट्याने बदलली आणि यापुढेही बदलतील. आज शिकलेल्या कळा दहा वर्षांनी पडद्यावर नसतील. परंतु बिंदू कशाचा आहे, अंतर कोणते मोजावे, कोऱ्या जागेचा अर्थ काय, संख्या घ्यावी की दर, आणि हाच नकाशा माझ्या विरुद्ध मताला पोषक ठरेल का, हे पाच प्रश्न बदलणार नाहीत. स्नो यांच्या आयुष्यात हे प्रश्न पुस्तकी नव्हते. प्रत्येकाच्या उत्तरासाठी त्यांना कोणाचे तरी दार ठोठवावे लागले आणि ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे तेथे उभे राहून, पाणी कोठून आणता, हे विचारावे लागले.

आपल्यासमोर नकाशा येईल तेव्हा त्यातील प्रत्येक खुणेमागे असे एक दार आहे, याचे स्मरण ठेवा. ते दार कोणी ठोठावले होते का, एवढे विचारण्याची सवय लागली, तरी या घटकाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.

५.५ पारिभाषिक शब्द

पटकी – कॉलरा. दूषित पाणी व अन्न यांतून पसरणारा साथीचा रोग.
स्तर – नकाशातील एका प्रकारच्या माहितीचा स्वतंत्र थर, उदा. रस्ते, विहिरी.
गुणविशेष – नकाशातील स्थानाला जोडलेली माहिती, उदा. घराला मिळणाऱ्या पाण्याचा स्रोत.
जोडणी – पत्ता किंवा क्रमांक यांच्या आधारे दोन याद्यांतील माहिती एकत्र आणणे.
प्रभावक्षेत्र – एखाद्या सोयीचा लाभ जेथवर पोहोचतो ते क्षेत्र.
थिसेन बहुभुज – प्रत्येक केंद्राला सरळ अंतराने सर्वांत जवळ असणारा प्रदेश वेगळा करणारी आकृती.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. जॉन स्नो यांच्या वायूविषयक अभ्यासाचा त्यांच्या पटकीविषयक विचाराशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. स्नो यांच्याविषयीच्या दोन दंतकथा सांगून प्रस्तुत चरित्राच्या आधारे त्यांचे परीक्षण करा.
३. एकाच नकाशावरून दोन भिन्न निष्कर्ष कसे निघू शकतात, ते सोदाहरण लिहा.
४. उपक्रम : आपल्या गल्लीतील किंवा वाडीतील वीस घरांचा हाताने नकाशा काढा. प्रत्येक घरी जाऊन पिण्याचे पाणी कोठून येते ते विचारा आणि नोंदवा. जवळचा स्रोत सोडून दूरचा वापरणारी घरे कोणती आढळली, व त्याचे कारण काय, यावर दीडशे शब्दांत टिपण लिहा.